मागच्या दिव्याखालच्या चार चकत्या

मोटारीच्या आतल्या फळीवरचा दिवा लुकलुकायला लागला की माणसं पहिल्यांदा त्या दिव्यालाच टपली मारतात. मारा. धपाटा बसल्यावर रडकं पोर गप्प व्हावं तसा तो क्षणभर नीट पेटतो आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा डोळे मिचकावायला लागतो. मग काच काढतात, दिवा बदलतात, तारा ओढून बघतात, आणि सगळं करून दमले की माझ्याकडं येतात. मी त्या दिव्याकडं ढुंकूनही बघत नाही. मालकाला पुढं बसवते, स्वतः गाडीच्या मागं जाते आणि सांगते, "पेटला की वरडा."

हे बघून या अंकाच्या संपादकांनी विचारलं, "आजी, ही विद्या कुठं शिकलात?" मी म्हटलं, "शिकले कुठली? बिघाडच मी केला होता." त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. म्हणून लिहायला बसले. खोटं निघालं तर अंकाचे पैसे परत मागू नका, ते माझ्याकडं नाहीत.

महाराजांच्या राज्याची ती शेवटची दोन-तीन वर्षं, १९२०च्या आसपासची. कोल्हापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. कुठली मोटार कुणाची हे नुसत्या भोंग्यावरून ओळखू यायचं. मी सोळा वर्षांची, लग्न होऊन कोडोलीहून नवी आलेली. सासर खोगिरं शिवणाऱ्यांचं. एका मोठ्या सरदारांच्या पागेला लागूनच आमचं दोन खणांचं घर होतं. आम्ही त्यांना नुसतं 'सरकार' म्हणायचो आणि इथंही तेवढंच म्हणते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, त्या पागेचे खोगीरवाले. त्यांचा हात असा की त्यांनी शिवलेलं खोगीर घोड्याला कळायचंसुद्धा नाही, असं लोक म्हणत.

पण सरकारांनी मोटार घेतली आणि पागेतली वीस घोडी सहावर आली. मामंजींना मोटारीच्या गाद्या आणि वरचं छत, म्हणजे टप, शिवायचं काम मिळालं. ते त्यांनी केलं, पण मेलेल्या माणसाला अंघोळ घालावी अशा चेहऱ्यानं. म्हणायचे, "घोड्याला हाक मारली तर कान तरी हलवतंय. हिला काय हाक मारायची?"

फळीखालच्या सांदीत कातडं ठोकायचं असलं की मामंजींचे हात आत जायचे नाहीत. माझे जायचे. म्हणून मला आत घालायचे. डोक्यावर पदर, नऊवारीचा काष्टा आवळलेला, डोकं फळीखाली आणि पाय दाराबाहेर. पागेतले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, हसायचे. मला वाटायचं, माझ्या कामावर खूश होऊन हसतायत.

त्या सोळा वर्षांच्या पोरीविषयी सांगते. अख्ख्या करवीर राज्यात आपल्यासारखा टाका कुणाचा नाही अशी तिची समजूत होती. उघडं लोखंड दिसलं की तिच्या हाताला खाज सुटायची. भोंग्याच्या रबरी गोळ्याला कातडी टोपरं शिवलं. हँडलच्या मुठीला गवसणी शिवली. गिअरच्या दांड्याला नक्षीची टोपी शिवली, वर लाल रेशमाचं फूल काढलं. सरकारांनी ते फूल बघून एकदा "वा" म्हटलं होतं. त्या एका 'वा'वर मी आठ दिवस जेवले नाही तरी चाललं असतं. जेवले, ती गोष्ट वेगळी.

मोटारीचा मिस्त्री इमामभाई. मोतद्दाराचा मुलगा, घोड्यांत वाढलेला, पण मिरजेला एका साहेबाच्या मोटारीखाली चार वर्षं निजून सगळं स्वतःच शिकलेला. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, तोंडाचा फटकळ. तो तारेत वीज आहे की नाही हे जिभेनं बघायचा. एक हात मोटारीच्या लोखंडाला लावायचा, तारेचं टोक जिभेला, आणि डोळे मिटून म्हणायचा, "हाय. चव हाय." त्या वेळच्या मोटारीची वीज एवढी लेचीपेची की जीभ नुसती आंबट व्हायची. आताच्या पोरांनी करू नये.

तो मला 'सुईवाली' म्हणायचा. मी फळीखाली टाका घालत असले की तो बाहेर बसून शिकवायचा. म्हणजे मला वाटायचं, हा बडबडतोय.

"ह्ये बघ, सुईवाले. बॅटरी म्हंजे हीर. तार म्हंजे पाट. दिवा म्हंजे पीक. पाटानं पाणी पिकाला गेलं. पर तेवढ्यावर भागतंय व्हय? ही वीज हाय. गेलेली परत हिरीत आली पायजे, तर दिवा पेटतोय. मग परतीचा पाट कुठला?"

"कुठला?"

"ह्यो." आणि मोटारीच्या पत्र्यावर थाप. "ह्ये सगळं लोखंड परतीचा पाट. ध्येनात ठेव."

मी "व्हय" म्हणायचे आणि टाका मोजायचे. ध्यानात ठेवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता माझा पराक्रम. मोटारीचा मागचा लाल दिवा खडखडायचा. रंकाळ्याच्या रस्त्याला गाडी लागली की खड खड खड, मागं कुणी डबा बांधल्यासारखा. एका सकाळी मोटारखान्यात कुणी नव्हतं. मी मिस्त्रीच्या पेटीतला स्क्रू पिळायचा पेचकस घेतला, मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढले आणि उरलेल्या खोगिराच्या कातड्याच्या चार नामी चकत्या कापून बसवल्या. प्रत्येक स्क्रूला दोन, एक दिव्याच्या पट्टीमागं आणि एक स्क्रूच्या डोक्याखाली. लोखंडाला लोखंड कुठं भिडू दिलं नाही. खडखड एकदम बंद! मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आपण होऊन कुणाच्या तरी ध्यानात येईल आणि मग बघा कौतुक. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. खडखड थांबली की माणसं विसरतात, ती होती म्हणून.

तिसऱ्या दिवशी फळीवरचा दिवा लुकलुकायला लागला.

बाहेरच्यांसाठी सांगते. फळीवर तेलाचा काटा आणि बॅटरीचा काटा असतो. अंधार पडल्यावर ते दिसावेत म्हणून तिथं एक बारका दिवा. त्या काळच्या पुष्कळ मोटारींत तो दिवा आणि मागचा लाल दिवा एकाच तारेत एकामागं एक ओवलेले असत, एका दोऱ्यातल्या दोन मण्यांसारखे. आधी पुढचा, मग मागचा, आणि तिथून वीज लोखंडात. हाकणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही ना? म्हणून मागचा गेला की पुढचाही जाणार आणि त्याला कळणार, अशी ती युक्ती. पुढचा दिवा हा मागच्याचा चहाडखोर.

मिस्त्रीला हे माहीत होतं. तो मागं गेलाही. काच उघडली, दिवा बदलला, तार जिभेला लावली. "चव हाय." हातात धरून बघितलं की दिवा लख्ख. सोडून पुढं आला की फडफड. वैद्याच्या दारात गेल्यावर पोट दुखायचं थांबतं तसं. दोन चकत्या पट्टीच्या आत, दोन स्क्रूच्या डोक्याखाली, आणि वरून काळा रंग मीच फासलेला. दिसणार कशा? कातड्यातून वीज जात नाही, पण हातानं धरलं की पट्टी स्क्रूला घट्ट टेकायची, म्हणजे परतीचा पाट तेवढ्यापुरता चालू. तो पुन्हा पुढं यायचा, फळी उघडायचा, सगळ्या तारा नव्यानं बांधायचा. आठ दिवस. मी तिथंच बसून गादीला बटणं लावत होते. त्याची कीवसुद्धा करत होते, बरं का!

दसरा जवळ आला. त्या वर्षी सरकार पहिल्यांदाच शिलंगणाला घोड्यावरून नाही, मोटारीतून जाणार होते. येताना अंधार पडणार, शेजारी पाहुणे बसणार, आणि फळीवरचा दिवा डोळे मारणार. सरकार मोटारखान्यात आले आणि शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, आम्ही पुण्याहून माणूस मागवतोय. दसऱ्यापर्यंत तुमचं तुम्हाला सापडलं तर बरं. नाही तर खोली रिकामी करा."

खोली म्हणजे पागेमागची. मिस्त्रीचं सगळं बिऱ्हाड तिथं. तो नुसता म्हणाला, "जी सरकार."

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. मामंजींच्या आरी, रापी, दाभण, मिस्त्रीचे पाने, पेचकस, हातोड्या, सगळी एका घोंगडीवर मांडून त्यांना हळदकुंकू आणि झेंडू वाहिला. दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे ज्या दोन दिवसांत मिस्त्रीची नोकरी राहायची की जायची, त्याच दोन दिवसांत त्याचे पेचकस फुलांखाली गाढ झोपलेले. रोज्यासारखाच मिस्त्रीनं तो नेम पाळला.

मोटारीचीही पूजा. घरातली सून म्हणून हळदकुंकू माझ्याकडं. मोटारखान्यात आतून अंधारच असतो. मिस्त्री हाकणाऱ्याच्या जागेवर फळीवरच्या दिव्याची कळ दाबून बसला होता, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा. मी भोंग्याला कुंकू लावलं, चार चाकांना लावलं, मागं आले आणि लाल दिव्याला अंगठ्यानं दाबून कुंकू लावलं.

पुढून आरोळी आली, "लागला!"

मी अंगठा काढला.

"ग्येला! आरं... कोण हाय मागं?"

माझा अंगठा हवेतच राहिला. पाट. हीर. परतीचा पाट. ते सगळं, जे मी महिनोन्महिने ऐकून सोडून दिलं होतं, एकदम डोक्यात शिरलं, आणि त्याच्यामागून माझ्या चार चकत्या शिरल्या.

"मागं कोण हाय म्हंतो मी!"

"कुंकू लावतोय की," मी म्हटलं.

मामंजी दारातच होते. त्यांनी हात जोडले. "अंबाबाईनं कौल दिला, मिस्त्री! लाव गं परत."

मी परत लावलं. दिवा पेटला. मोतद्दार जमले. कुणीतरी नारळ फोडला. त्याचं पाणी उडालं थेट बॅटरीवर, पण ते दुखणं वेगळं. मिस्त्री खाली उतरून मागं आला, दिव्याकडं बघितलं, माझ्या अंगठ्याकडं बघितलं आणि पुन्हा पुढं जाऊन बसला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण शेजारी मामंजी उभे होते. 'तुमच्या खोगिराच्या कातड्यानं मोटार बिघडली' हे सरकारांच्या कानावर गेलं असतं तर गाद्यांचं काम गेलं असतं. आणि खरं सांगू? मामंजींचा विचार नंतर सुचला. आधी मनात आलं ते हेच की मला पुन्हा मोटारीत शिरू देणार नाहीत.

दुपारी पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले. चकत्या काढायच्या होत्या, पण पेचकस पूजेत. चुलीपाशी बसून विचार करत होते, आणि हातात काय होतं? उलथनं! खंडेनवमीला पुरुषांची सगळी हत्यारं सुट्टीवर जातात. बायकांच्या हत्यारांना कुणी सुट्टी दिलीय? उलथन्याची कड स्क्रूच्या खाचेत अशी बसली, जणू त्यासाठीच केलेली. चार चकत्या काढल्या, स्क्रू लोखंडाला लोखंड भिडेपर्यंत आवळले, चकत्या पदराच्या गाठीत बांधल्या. माझी पहिली दुरुस्ती ती. पोळीच्या उलथन्यानं केलेली.

दसऱ्याला मोटार शिलंगणाला गेली, अंधार पडता पडता परत आली. दिवा स्थिर. सरकार खुशीत उतरले. मी आमच्या दारातून ऐकत होते.

"मिस्त्री, काय बिघडलं होतं?"

मिस्त्री फडक्यानं मोटारीची धूळ पुसत राहिला.

"तुम्हाला विचारतोय."

"ठावं न्हाय, सरकार."

"दुरुस्त कुणी केलं मग?"

"म्या न्हाय केलं."

"म्हणजे देवीनं केलं. देवीला पगार देत नाही आम्ही." मागचे पाहुणे हसले. "पुण्याचा माणूस परवा येतोय. समजलं?"

"जी सरकार."

थोड्या वेळानं तो आमच्या दाराशी आला, हातात आपट्याची पानं. मामंजी सोनं वाटायला गावात गेले होते. "सोनं घे, सुईवाले. सोन्यासारखी ऱ्हा."

मी पदराची गाठ सोडली आणि चार चकत्या त्याच्या हातावर ठेवल्या. "मिस्त्री, मी..."

"ठावं हाय."

त्यानं चकत्या मुठीत मिटल्या.

"शिलंगणाला जाताना मागं खडखड आयकली. म्हटलं, ही दोन-तीन आठवडं कुठं गेलती? उतरून बघितलं. स्क्रूच्या खाचेत कणीक. मोटारीच्या स्क्रूत कणीक कोण घालतंय?" आणि मग तो भडकला. इतका कधी भडकला नव्हता. "आठ दिस! आठ दिस मी त्या फळीत डोस्कं घालून बसलो, पोरी! आन् तू शेजारी बसून बटणं लावतीस? येक शबूद?"

"मला ठावं नव्हतं ओ. काल कळलं, अंगठा लावल्यावर."

"मग काल का न्हाय बोललीस? मी वरडून इचारलं, कोण हाय मागं!"

मी रडायला लागले. तो खाली बसला, एक चकती उजेडाला धरली, बोटांनी फिरवली. "काम मात्र साफ हाय," म्हणाला. "कड बघ की कशी हाय."

"मी सरकारांना सांगतो आत्ता जाऊन," मी डोळे पुसत म्हटलं.

"गप. मला मोटार कुठं बी मिळंल. मिरजेत मिळंल, बेळगावात मिळंल. तुझ्या म्हाताऱ्या सासऱ्याला आता घोडं कुठं मिळायचं?"

"पर तुम्ही तर कवाच खोटं बोलत न्हाय."

"येकदा बोललो. बास झालं."

आणि मी गप्प बसले. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण घरातल्या पोरींना मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथं पटकन पुढं जाते. त्यानं एकदाच 'गप' म्हटलं आणि मी गप्प बसले. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही. रडत होते, पण आतून सुटल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं बिऱ्हाड एका बैलगाडीत मावलं. जाताना त्यानं मला एक बारका दिवा दिला, दोन तारा जोडलेला. "रोज जीभ लावू नगंस, कुजंल. हे लाव. पाणी गेलं तर?"

"परत आलं पायजे."

"कशातनं?"

"लोखंडातनं."

"आत्ता कळलं हिला," तो गाडीवाल्याला म्हणाला. चकत्यांतल्या दोन त्यानं नेल्या, दोन मला ठेवल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. पाठीमागून त्याची मेंदीची दाढी दिसत नव्हती, नुसतं मुंडासं.

पुण्याचा माणूस दोन महिने राहिला, इंग्रजी शिव्या देऊन गेला. नंतरच्या पावसाळ्यात मोटारीची वीज गेली तेव्हा मामंजीच म्हणाले, "बघ की गं जरा. मिस्त्री तुलाच कायतरी बडबडत बसायचा न्हवं?" तिथून जी लागले ती लागले. पुढं आमचं दुकान झालं, पाटी 'गादीकाम' अशीच राहिली, गाद्या माझा नवरा शिवायचा आणि तारा मी. पाटीवर बाईचं वीजकाम लिहिलं असतं तर गिऱ्हाईक आलं नसतं. पेठ वडगावचे एक गुळाचे व्यापारी आले होते, भले जैन गृहस्थ. दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आमच्या मंडळी मागं बसल्या की दिवा लुकलुकतो. एकटा असलो की नाही. ज्योतिषाला विचारलंय." बॅटरी मागच्या गादीखाली. मंडळी अंगानं भरलेल्या, गादीची स्प्रिंग तारेवर दबायची. मी म्हटलं, "शेठ, गादी बदला. मंडळी चांगल्या हायत." पुढं दर दसऱ्याला त्या बाई मला स्वतः सोनं द्यायला यायच्या.

मामंजींना मी खरं सांगितलं ते त्यांनी अंथरूण धरल्यावर. ते भिंतीकडं तोंड करून पडले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "कुठं ग्येला गं त्यो?"

मी मिरजेला माणूस पाठवला. तिथं कळलं, बेळगावला गेला. बेळगावात कळलं, होता, पण आता नाही. त्यापुढं कुणी सांगू शकलं नाही. मामंजी रोज विचारायचे, "आलं का काय?" मग विचारायचे थांबले.

आता माझे हात कापतात, स्क्रूची खाच चष्म्यातूनही नीट दिसत नाही. तरी अजून कुणी लुकलुकता दिवा घेऊन आला की मी मालकाला पुढं बसवते, मागं जाते आणि दिव्याच्या पट्टीवर अंगठा दाबते. आताच्या गाड्यांत दिवे वेगवेगळ्या तारांवर असतात. पुष्कळदा मागं काहीच नसतं, उगाच दाबते. कधीकधी मात्र बरोबर बसतो आणि पुढून मालक ओरडतो, "लागला!"

एवढंच ओरडतात सगळे. मागं कोण आहे, हे कुणी विचारत नाही. तरी मी दरवेळी जरा थांबते. मग दिव्याकडं तोंड करून हळूच सांगते, "मी हाय, मिस्त्री. कातडं माझंच हुतं."